वारा नव्हता

दुकानदाराने पावतीपुस्तक ओढून घेतलं, पेनाचं टोपण दातांत धरलं आणि नाव विचारलं, तेव्हा कलावतीने दुसऱ्याच बाईचं नाव सांगितलं. "जया." ते तिच्या शेजारणीचं नाव. तोंडातून ते इतकं सहज गेलं की क्षणभर तिलाही वाटलं, आपण जयाचाच मिक्सर दुरुस्तीला आणलाय. दुकानदाराने आडनाव विचारलं नाही. "गुरुवारी या," म्हणाला, पावती फाडून दिली आणि मिक्सरच्या तळाशी बोट फिरवत स्क्रू शोधू लागला. ठाण्याच्या कोपरीतलं हे दुकान तिच्या रोजच्या वाटेवरचं नव्हतं. नेहमीचा दुरुस्तीवाला गावी गेला होता म्हणून ती दोन गल्ल्या पलीकडे आली होती. आत अंधार होता, स्टॅबिलायझरची उघडी खोकी एकावर एक रचलेली होती, आणि त्यांच्यामागे हा माणूस बसला होता, चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेला. त्याने मिक्सर हातात घेतला आणि उघडण्याआधी त्यावर तळहात पालथा ठेवला, ताप बघावा तसा. ते बघितलं आणि कलावतीला तो कोण हे कळलं. मग नाव विचारलं गेलं.

दुकानाची पायरी उतरून ती चालू लागली तेव्हा तिच्या पायांना घाई नव्हती. उलट पाय जरा जास्तच नीट पडत होते, कुणीतरी मागून बघत असल्यासारखे. कुणी बघत नव्हतं. त्या दुकानदाराने, दौलतसाहेबाने, तिला ओळखलं नव्हतं. ओळखणार कसा? आठ वर्षांत तिचे केस पिकले होते, अंगावर पांढरी साडी नव्हती, आणि आडबेटच्या त्या दोन खोल्यांच्या उपकेंद्रातली सिस्टर इथे कोपरीत मिक्सर घेऊन येईल असं त्याच्या मनात यायचं काही कारण नव्हतं. भाजीवाल्याजवळ थांबून तिने मेथी निवडली. निवडताना मनात आलं, ह्या माणसाशी आपण दोनदा खोटं बोललो. एरवी ती खोटं बोलणारी बाई नव्हती. साताऱ्याकडच्या गावातून बारावी होऊन नर्सिंगला आली, लग्न झालं तसं दोन वर्षांत संपलं, नवरा गेल्यावर सासरच्यांनी काही विचारलं नाही आणि तिनेही काही मागितलं नाही. तीस वर्षं जिल्ह्याच्या नोकरीत गेली आणि त्या तीस वर्षांत तिच्या हातच्या नोंदवह्या वरच्यांनी कधी परत पाठवल्या नाहीत. आता ठाण्यात लशींच्या भांडारात ती दिवसातून दोनदा चौदा फ्रिजांचं तापमान लिहायची. एक नंबरवर चार अंश, दोन नंबरवर पाच. खरं तेच लिहायची. मेथीची जुडी पिशवीत टाकताना तिला वाटलं की कदाचित म्हणूनच ते एक वाक्य इतकं ठळक राहिलं असेल. सगळीकडे डाग असते तर तो दिसलाही नसता.

घरी येऊन ती मेथी निवडत बसली, आणि पाल्याच्या वासात तिला खाडीचा वास आला. तसा काही संबंध नव्हता. आडबेटला मेथी मिळायचीच नाही. तिथे सगळ्याला चिखलाचा, कांदळवनाचा आणि वाळत घातलेल्या बोंबलाचा वास यायचा. डोंबिवलीच्या रेतीबंदरावरून होडीत बसलं की पाऊण तासात ते बेट यायचं, चाळीसएक कोळ्यांची घरं, एक देऊळ, एक शाळा आणि उपकेंद्र. रात्री पलीकडे डोंबिवलीच्या कारखान्यांचे दिवे लखलखत दिसायचे आणि इकडे कंदील. विजेचे खांब चिखलात उभे राहत नाहीत, असं वीज मंडळाचं माणूस येऊन सांगून गेलं होतं. लस पलीकडून डब्यात आणायची, तीही होडी मिळाली तर. शहाऐंशीच्या थंडीत दौलतसाहेब पहिल्यांदा आला तेव्हा त्याच्याबरोबर दोन होड्या भरून सामान होतं. काचेच्या आठ पाट्या, लोखंडी नळांचे तुकडे, आंब्याच्या पेट्यांएवढ्या जड बॅटऱ्या, आणि कापडात गुंडाळलेली तीन पाती. मोहने गावचा माणूस. वडील तिथल्या रेयॉनच्या कारखान्यात होते, आणि हा शिकून इंजिनियर झालेला, कुठल्याशा संस्थेच्या नोकरीत. गोमाजी नावाचा म्हातारा नाखवा होता, त्याने सगळा पसारा बघून विचारलं, "ह्यो पंखा वारा घालवाला काय?" दौलतसाहेब हसला नाही. त्याने गोमाजीला जवळ बसवून सांगितलं. हा पंखा वारा घालत नाही, वारा खातो. उन्हाळ्यात ऊन पुष्कळ, तेव्हा पाट्या वीज देतील. पावसाळ्यात ऊन नाही, पण खाडीवर वारा असतो, तेव्हा पंखा देईल. दोघं मिळून बॅटऱ्या भरतील, आणि बॅटऱ्यांवर सिस्टरचा लशींचा फ्रिज चालेल आणि तीन दिवे. "एक दमला का दुसरा," गोमाजी म्हणाला. "बैलाच्या जोरीवानी." दौलतसाहेबाने ते पाठीवरच्या पिशवीतून वही काढून लिहून घेतलं. कलावतीला तेव्हा ते गमतीचं वाटलं होतं, की हा माणूस म्हाताऱ्याचं बोलणंसुद्धा लिहून घेतो.

तो महिन्यातून एकदा यायचा. बॅटऱ्यांवर तळहात ठेवून बघायचा, पाणी घालायचा, कपाटातल्या त्याच्या सामानाला हात लावू नका म्हणायचा. कपाटात चाचणीसाठी ठेवलेले साठ वॅटचे दोन दिवे होते. वारा जास्त झाला की ते लावून तो बॅटरी कशी उतरते ते बघायचा. एकदा जेवताना त्याने तिला कागद दाखवला. शहापूर आणि मुरबाडच्या डोंगरातली अकरा गावं, क्रमाने लिहिलेली. आडबेटचं दोन वर्षं नीट चाललं की ह्या अकरा दवाखान्यांत असंच बसवायचं. "तुमची वही म्हणजे माझी परीक्षा आहे सिस्टर," तो म्हणाला होता. "तुम्ही लिहाल ते वर जातं." ती म्हणाली होती, "मी आहे तेच लिहीन." कलावतीने निवडलेली मेथी पुन्हा निवडायला घेतली. पानं आणि देठ एकत्र झाले होते.

अठ्ठ्याऐंशीचा ऑगस्ट. नऊ तारखेला, मंगळवारी सकाळी बेटावरची चंद्रभागा बाळंत झाली, दिवस भरायच्या कितीतरी आधी. मुलगी. काट्यावर सव्वा किलो. चार दिवस ऊन दिसलेलं नव्हतं, नारळी पौर्णिमा अजून लांब होती, आणि वारा असा होता की उपकेंद्राची पत्र्याची झडप सारखी आपटायची. चंद्रभागेला दुपारपर्यंत ताप भरला, हातपाय थरथरायला लागले, पोर तिच्याजवळ ठेवणं शक्य नव्हतं. कलावतीने पोरीच्या पायाला हात लावला आणि तिला मासळीची आठवण झाली, इतके ते थंड होते. चंद्रभागेची सासू आवडाबाई पोरीला छातीशी धरून बसली, पण म्हातारी सकाळपासून पावसात भिजलेली, तिचंच अंग गार. शेगडी पेटवली तर ओल्या लाकडांचा धूर झाला आणि पोर घुसमटली. भिवाजी होडीवाला येऊन उंबऱ्यात उभा राहिला. त्याच्या डोक्यावरचं गोणपाट वाऱ्याने उडून पाठीला चिकटलं होतं. "होरी जावाची नाय बाय," तो म्हणाला. "धारेवर गेलो तर उलटी होल. वारा परला का मी येतंय." वारा पडेल तेव्हा. औषधांचं एक रिकामं खोकं होतं, त्यात कापूस अंथरला. मग तिने कपाट उघडलं.

ते दोन दिवे खोक्याच्या दोन बाजूंना लावले, हातभर अंतरावर. तार लांबवायला भिवाजीने मदत केली. अर्ध्या तासाने पोरीच्या पायांचा निळा रंग जरा कमी झाला. कलावती पोरीच्या काखेत थर्मामीटर धरून बसली आणि पारा चढताना बघत राहिली. इतकं सुख तिला त्याआधी कशात मिळालं असेल ते तिला सांगता आलं नसतं. संध्याकाळी बॅटरीचा काटा लाल रेषेकडे सरकलेला दिसला. फ्रिज, दिवे, आणि आता हे दोन मोठे दिवे. फ्रिजमध्ये बेटावरच्या आणि शेजारच्या तीन पाड्यांतल्या मुलांची लस होती. तिने डब्याचा विचार केला, पण डबा आणि बर्फाच्या पिशव्या पलीकडच्या केंद्रात गेल्या होत्या. ती फ्रिजसमोर उभी राहिली. बटण अगदी साधं होतं, काळं, घरच्या दिव्याला असतं तसं. तिने ते बंद केलं. फ्रिजचा आवाज थांबला आणि त्या शांततेत वरचा पंखा किती जोरात फिरतोय ते तिला पहिल्यांदा नीट ऐकू आलं. मंगळवार संध्याकाळपासून गुरुवार संध्याकाळपर्यंत तो तसाच फिरत होता. न थांबता. काटा लाल रेषेवर आला आणि तिथेच राहिला, खाली गेला नाही. पोरीला चमच्याने दूध चाललं. आवडाबाई अधूनमधून खोक्यात डोकावून म्हणायची, "हाय. हाय अजून." गुरुवारी संध्याकाळी वारा मंदावला आणि भिवाजी आला, आणि मायलेकी होडीतून डोंबिवलीच्या दवाखान्यात गेल्या.

तालुक्याचे डॉक्टर शनिवारी आले. कलावतीने लशीच्या बाटल्या मोजून बाजूला ठेवल्या होत्या, द्यायच्या नाहीत म्हणून. डॉक्टर मुळातच ह्या पंख्याच्या विरुद्ध होते, असले खेळ आपल्या खात्यात कशाला म्हणायचे. त्यांनी बाटल्या बघितल्या, फ्रिजकडे बघितलं. दोन महिन्यांपूर्वी दुसऱ्या एका केंद्रातल्या सिस्टरला लस खराब केली म्हणून निलंबित केलं होतं, त्या बाईची दोन मुलं शाळेत होती. ते कलावतीच्या डोक्यात होतं. डॉक्टरांनी विचारलं, "का बंद पडला?" आणि ती उत्तर जुळवत असताना तेच म्हणाले, "ऊन तर नव्हतंच. वारापण नसेल." तिने बाटल्यांची रांग सरळ केली. "नव्हता ना वारा?" ते म्हणाले. "नव्हता," कलावती म्हणाली. मग वहीत लिहिलं. तिचं अक्षर नेहमी चांगलं होतं. नऊ ते अकरा ऑगस्ट, ऊन नाही, वारा नाही, बॅटरी उतरली, फ्रिज बंद, लस बाद. बाहेर अंगणात चंद्रभागेच्या नवऱ्याचं जाळं वाऱ्याने फाटून पडलं होतं आणि चार माणसं ते शिवत बसली होती. त्यातल्या कुणीही ती वही वाचणार नव्हतं.

दौलतसाहेब पुढच्या आठवड्यात आला. तो त्या दिवसांत नागपूरला होता, कुठल्या सभेला, ह्याच कामाची माहिती द्यायला. त्याने वही वाचली, उठून बाहेर गेला आणि खांबाखाली उभा राहून वर बघत राहिला. पंखा हळू फिरत होता. परत आल्यावर त्याने एकच विचारलं. "अजिबात नव्हता?" "अजिबात," ती म्हणाली. त्याने त्याचे दोन दिवे कपाटात पाहिले की नाही ते तिला आठवत नव्हतं. तिने ते पुसून जागच्या जागी ठेवले होते. दिवाळीनंतर संस्थेची माणसं येऊन पाट्या आणि बॅटऱ्या घेऊन गेली. प्रयोग भरवशाचा नाही, असं वरून आलं. पंखा उतरवायला कुणी आलं नाही, तो तसाच राहिला, तार कापलेला. अकरा गावांचा कागद कुठे गेला ते तिने विचारलं नाही. वर्षभराने तिची बदली झाली. बदलीच्या दिवशी आवडाबाईने तिला सुकी कोळंबी बांधून दिली आणि जनीला, म्हणजे त्या पोरीला, तिच्या मांडीवर ठेवलं. जनीने तिचं बोट धरून चावलं. दोन दात आले होते.

पुढचे तीन दिवस कलावती भांडारात गेली, फ्रिज उघडले, बंद केले, आकडे लिहिले. बुधवारी तिने पाच नंबरच्या फ्रिजचं तापमान लिहिलं आणि मग पुन्हा जाऊन बघितलं, मग तिसऱ्यांदा बघितलं. तिसऱ्यांदाही तेच होतं. गेल्या आठ वर्षांत हे अधूनमधून व्हायचं, एखादं वाक्य लिहून झालं की हात थांबायचा. तिने त्याला वय म्हटलं होतं. आता तिला वाटत होतं की मिक्सर आणायला जयालाच पाठवावं. पावतीवर नाव तिचंच आहे. कुणाला काही कळणार नाही. तो माणूस त्याच्या अंधाऱ्या दुकानात सुखाने स्टॅबिलायझर दुरुस्त करतोय, त्याला काय सांगायचं, आणि सांगून त्याचं काय भलं होणार. पण सुखाने हा शब्द मनात आला आणि तिला दोऱ्याने बांधलेली चष्म्याची काडी दिसली. ज्या माणसाच्या वहीत बैलजोडी लिहिलेली होती, तो इथे मिक्सर का उघडत बसलाय हे तिने स्वतःला विचारलंच नव्हतं. गुरुवारी तिने दुपारची सुट्टी घेतली.

दुकानात दुसरं कुणी नव्हतं. तिने पावती पुढे केली नाही. "माझं नाव जया नाही," ती म्हणाली. त्याने चष्म्यावरून बघितलं. "कलावती. आडबेटची." तो बघतच राहिला, आणि मग त्याचा चेहरा असा उजळला की तिला मागे फिरावंसं वाटलं. "सिस्टर," तो म्हणाला. "मला त्या दिवशी आवाज ओळखीचा वाटलेला. म्हटलं, कुठे ऐकलाय. बसा ना, बसा." त्याने खोकी सरकवून स्टूल मोकळं केलं, त्यावरची धूळ हाताने झटकली. नोकरी सोडली, सांगत होता, ते सगळं बंद झाल्यावर मन लागेना, मग हे दुकान टाकलं, ठीक चाललंय, पोरगी डोंबिवलीला दिलीय. कलावती बसली. ती तोंड उघडणार तेवढ्यात तोच म्हणाला, "तुम्हाला एक विचारायचं राहिलेलं. इतकी वर्षं मनात आहे. आडबेटला वारा नेमका कुठे पडायचा हो? म्हणजे टेकडी आड येत होती का? मी वेधशाळेचे आकडे मागवलेले त्या तीन दिवसांचे. आकडे म्हणतात भरपूर वारा होता. पण तुम्ही तिथे होता. मग माझं असं झालं की खाडीच्या त्याच वळणावर वारा मरत असणार, आणि मी नेमका तिथेच खांब रोवला. जागाच चुकली माझी."

"वारा होता," कलावती म्हणाली.

त्याने मान हलवली, म्हणजे ऐकू आलं पण समजलं नाही अशी.

"वारा होता, साहेब. तिन्ही दिवस. होडी जात नव्हती एवढा. मी खोटं लिहिलं."

मग तिने सांगितलं. क्रमाने, वॉर्डात पुढच्या पाळीच्या बाईला सांगावं तसं. चंद्रभागा, सव्वा किलो, कपाट, दोन दिवे, काळं बटण, डॉक्टर काय म्हणाले, आपण काय म्हणालो. मध्येच एक माणूस फ्यूज घ्यायला आला. दौलतसाहेबाने उठून त्याला फ्यूज दिला, कितीचा हवा ते दोनदा विचारून घेतलं, आणि परत येऊन बसला. ती पुढे सांगू लागली. सांगून संपलं तेव्हा त्याच्या हातात स्क्रूड्रायव्हर होता. तो त्याने खाली ठेवला, मग सरळ केला, टेबलाच्या कडेला समांतर.

"दोन्ही दिवे? सलग?"

"सलग. पन्नास तास तरी. जास्तच."

त्याने एक जुनी पावती उलटी केली आणि तिच्यावर लिहू लागला. "एकशे वीस वॅट. पन्नास तास. सहा युनिट." पेन थांबलं. "उन्हाशिवाय. काटा कुठे होता?"

"लाल रेषेवर. पण खाली गेला नाही."

"खाली गेला नाही," तो म्हणाला. त्याने त्या आकड्याखाली रेघ मारली, तीच रेघ पुन्हा मारली. रस्त्यावरून रिक्षा गेली, मग दुसरी. कलावतीला विचारायचं नव्हतं, तरी तिने विचारलं, "फ्रिज पण चालला असता का? बंद केला नसता तर?"

त्याने आकड्यांवरून पेनाचं टोक फिरवलं. "सांगता येत नाही," तो म्हणाला. मग म्हणाला, "आठ वर्षं, सिस्टर." त्याचा आवाज चढला नव्हता. "आकडे समोर होते माझ्या. मी आकडे बाजूला ठेवले आणि तुमचं खरं मानलं."

तिला वाटलं होतं सांगितल्यावर हलकं वाटेल. तसं झालं नाही. छातीतलं काहीतरी उचलून टेबलावर ठेवल्यासारखं झालं, आणि आता ते दोघांना दिसत होतं एवढंच. तिच्या मनात ती अकरा गावं आली. त्यांची नावं तिला आठवत नव्हती, पण प्रत्येक गावात तिला एक खोली दिसली, एक खोकं, आणि खोक्याच्या दोन्ही बाजूंना काहीच नाही. ह्याची बेरीज तिला करता येत नव्हती आणि तो करणार नव्हता.

"ती पोर?" त्याने विचारलं.

"आहे. जनी. तिसरीत आहे. आईबरोबर रेतीबंदरावर येते कधी कधी. चंद्रभागा भेटली होती मागे, म्हणाली की बोलते फार."

त्याने मान डोलावली. मग मिक्सर काढून समोर ठेवला. "मोटरचा ब्रश गेलेला. बदललाय." तो उठला, आतून एक कोरा कागद घेऊन आला. "हे लिहून द्याल?"

"देते," ती म्हणाली. तिने तिथेच टेबलावर लिहिलं. सुरुवातीला अक्षर वाकडं आलं, मग सुधारलं. शेवटी सही केली आणि सहीखाली हुद्दा लिहिताना तिचा हात थांबला. निवृत्तीला दीड वर्ष होतं. एवढ्या जुन्या गोष्टीचं कुणी काय करेल ते तिला ठाऊक नव्हतं, काही करतीलही. तिने हुद्दा लिहिला, तारीख लिहिली. मग दुसरा कागद मागून तेच पुन्हा उतरवलं, स्वतःच्या ऑफिसात द्यायला. त्याने पहिला कागद वाचला, घडी घातली, खिशात ठेवला. मिक्सर तिच्या हातात दिला. "येते," ती म्हणाली. त्याने पुढचा स्टॅबिलायझर समोर ओढला. मिक्सर घेऊन ती बाहेर पडली तेव्हा उन्हाने तिचे डोळे दिपले, आणि ती जरा वेळ दुकानाच्या भिंतीला टेकून उभी राहिली.

तिच्या साहेबांनी कागद वाचला, मागून पुढून बघितला. तरुण होते, अठ्ठ्याऐंशी साली बहुधा कॉलेजात असतील. "बाई, ही स्कीमच आता नाही," ते म्हणाले. "ह्याची फाईल मी कुठे शोधू?" ती म्हणाली, तुमच्याकडे राहू द्या. त्यांनी खण उघडून कागद आत ठेवला आणि खण बंद केला. झालं ते एवढंच. पुढचे काही आठवडे शिपाई हाक मारायला आला की तिला वाटायचं, आता बोलावणं आलं. येत नव्हतं. हळूहळू तिला कळलं की येणार नाही, आणि त्याने तिला सुटल्यासारखं वाटलं नाही. पाच नंबरचा फ्रिज मात्र ती आता एकदाच बघायची. कोपरीच्या त्या गल्लीतून जायचं तिने टाळलं नाही. दोनदा गेली. एकदा दुकान बंद होतं. एकदा उघडं होतं, तो खाली मान घालून काम करत होता, आणि ती न थांबता पुढे गेली.

जानेवारीच्या अखेरीला, जेवणाच्या सुट्टीत, तो भांडारात आला. बगलेत कागदाची गुंडाळी होती. चष्म्याला नवी काडी. त्याने चौदा फ्रिजांकडे एकदा नजर टाकली, एकावर जाऊन तळहात ठेवला, मग म्हणाला, "मुरबाडच्या वर एका ट्रस्टचा दवाखाना आहे. लाईट येते आणि जाते, पावसात आठ-आठ दिवस येत नाही. मी त्यांना जाऊन भेटलो. तुमचा कागद दाखवला. म्हटलं, हे माझं मशीन आणि हे त्याने केलेलं काम." त्याने बगलेतली गुंडाळी काढली. "त्या अकरांतलंच गाव आहे. सातवं."

त्याने टेबलावर कागद पसरला आणि कोपऱ्यांवर तिच्या नोंदवह्या ठेवल्या. तो तिच्याकडे बघत नव्हता. त्याच्या बोलण्यात जवळीक नव्हती, पूर्वीसारखी तर नव्हतीच, आणि तिला वाटलं की ती बहुधा परत येणारही नाही. तो कामाला आला होता. "हे ऊन. हा पंखा. इथून फ्रिज, इथून दिवे. आणि ही लाईन वेगळी काढलीय, फ्रिजला हात न लावता चालेल अशी." त्या रेघेच्या टोकाला पेन्सिलीने एक चौकोन होता आणि चौकोनात लिहिलं होतं, बाळ. "आडबेटला ही नव्हती, कारण मला हे लागतं हेच माहीत नव्हतं. किती तास धरू?"

कलावती त्या चौकोनाकडे बघत राहिली. पन्नास, असं तिच्या तोंडावर आलं होतं. मग तिने डोंगरातला रस्ता मनात आणला, ओढे, आणि एखादी जीप ओढ्याच्या अलीकडे थांबलेली. "बाहत्तर धरा," ती म्हणाली. "उन्हाशिवाय."

"पंखा मोठा लागेल मग."

"लागू दे."

त्याने आकडा लिहिला. मग पेन्सिल तशीच हातात धरून त्याने पहिल्यांदा तिच्याकडे नीट बघितलं. "आणखी काय काय लागतं ते सांगा," तो म्हणाला. "तुम्ही कुणाला न सांगता जे करता ते पण."

कलावतीने खुर्ची ओढली आणि त्याच्या शेजारी बसली. सुया उकळायच्या स्टोव्हपासून तिने सुरुवात केली. मग बाळंतिणीला टाके घालताना दिवा कुठून हवा ते सांगितलं, पायाकडून, उजव्या बाजूने, हाताची सावली पडणार नाही असा. दौलतसाहेब लिहून घेत होता.